आधी हिशोब, मग सही

शाळा व्यवस्थापन समितीच्या अध्यक्षांना शाळेतून निरोप कधी जातो? सही लागते तेव्हा. सातपुड्यातल्या बहुतेक पाड्यांवर हेच उत्तर मिळेल. चौथीतलं पोरगं धावत येतं, सरांनी सहीला बोलावलंय म्हणतं. अध्यक्ष हातातलं काम टाकून निघतात. टेबलावर प्रोसिडिंग बुक उघडंच असतं. तारीख घातलेली, विषय एक ते सहा लिहिलेले, प्रत्येकाखाली ‘सर्वानुमते मंजूर’, आणि सूचक-अनुमोदक म्हणून दोन नावं टाकलेली. आपण काय सुचवलं नि कशाला अनुमोदन दिलं, याचा त्या दोघांना पत्ता नाही. अध्यक्ष बाई असतील आणि सही येत नसेल, तर स्टॅम्पपॅड पुढे सरकतं. निळा अंगठा उमटतो आणि न झालेली मासिक सभा सरकारदरबारी झालेली असते.

ही फसवणूक आहे. तिला वेगळं नाव शोधायची गरज नाही. अंगठा देणाऱ्या आईची फसवणूक, तिच्या पोराची फसवणूक, आणि ज्या कायद्याने तिला त्या खुर्चीवर बसवलं त्याचीही.

तो कायदा काय सांगतो ते नीट वाचू. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा कायदा 2009 चा, लागू झाला 1 एप्रिल 2010 पासून. त्याचं कलम 21 म्हणतं, खाजगी विनाअनुदानित शाळा वगळता प्रत्येक शाळेत शाळा व्यवस्थापन समिती हवी. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक हवेत. एकूण सदस्यांत निम्म्या बायका हव्यात. शाळेच्या कामावर देखरेख, शाळेचा विकास आराखडा तयार करणं, आलेल्या अनुदानाचा खर्च तपासणं ही तिची कामं. महाराष्ट्रात अध्यक्ष पालकांमधूनच होतो, मुख्याध्यापक सचिव असतात, महिन्याला सभा घ्यायची असते आणि समितीची मुदत दोन वर्षांची.

नंदुरबार जिल्ह्यात याचा अर्थ काय होतो बघा. 2011 च्या जनगणनेत जिल्ह्याची साक्षरता 64 टक्के, राज्यात सर्वांत कमी. दहातली जवळजवळ सात माणसं आदिवासी. कायद्याने अशा जिल्ह्यात सांगितलं की शाळेचा कारभार भिल्ल, पावरा, मावची आईबापांनी बघावा. ज्यांना शाळेने कधी बाकावर बसवलं नाही, त्यांच्याच हातात शाळा द्यावी. इतका मोठा विश्वास या देशात फार थोड्या कायद्यांनी टाकलाय. मला तो पटतो. म्हणूनच त्याचं जे चाललंय ते बघवत नाही.

अशी जबाबदारी टाकताना दुसरीकडे काय करतात ते बघू. अमेरिकेत शाळांचा कारभार लोकांनी निवडलेल्या मंडळांकडे असतो. तिथल्या मिसूरी राज्यात नव्या सदस्याने पहिल्याच वर्षात किमान साडेअठरा तासांचं प्रशिक्षण घ्यावं असा कायदा आहे. त्याच्या पुढच्या पायऱ्याही आहेत. शाळा मंडळांच्या राज्य संघटना अभ्यासक्रम चालवतात आणि सदस्य प्रगत नेतृत्वाचं प्रमाणपत्र मिळवतात. अंदाजपत्रक, कायदा, मुलांची प्रगती, मुख्याधिकाऱ्याच्या कामाचं मूल्यमापन असे त्यातले विषय. तिथला सदस्य बहुधा शिकलेला, नोकरीधंद्यातला. तरी त्याला शिकवल्याशिवाय खुर्ची पेलणार नाही, हे त्यांनी मान्य केलं. आपल्याकडे मुख्याध्यापकांच्या नेतृत्वविकासासाठी दिल्लीत नीपा आहे, छत्रपती संभाजीनगरला मिपा आहे. गुरुजींचं नेतृत्व घडवायला संस्था, आणि त्यांच्यावर देखरेख करायची जिच्यावर जबाबदारी, त्या आईला एका दिवसाचं प्रशिक्षण.

तो एक दिवस कसा जातो? केंद्रशाळेच्या व्हरांड्यात सतरंजी. दहाची वेळ, माणसं जमेपर्यंत साडेअकरा, कारण धडगाव म्हणजेच अक्राणी तालुक्यातल्या वरच्या पाड्यावरून जीप मिळणं आईच्या मर्जीवर नसतं. आधी प्रतिमापूजन, मग पाहुण्यांचं स्वागत, मग समितीची रचना. साधनव्यक्ती पुस्तिकेतून वाचतात: अभिसरण, सामाजिक लेखापरीक्षण, उपयोगिता प्रमाणपत्र. सगळं मराठीत, आणि समोरच्या बायकांच्या घरात पावरी बोलतात. त्या मान डोलावतात. मान डोलावली म्हणजे समजलं, असं धरून पान उलटतं. दुपारी जेवण, मग हजेरीपटावर सह्या, एक सामूहिक फोटो. फोटो ग्रुपवर पडला की प्रशिक्षण पूर्ण. त्या दिवसाची मजुरी बुडाली, ती कोण देणार हे कुणी विचारत नाही.

हजेरीबद्दल कागद देऊन काय साधतं? प्रमाणपत्र देणार असाल तर जरूर द्या, प्रगत नेतृत्वाचंच द्या. पण त्यासाठी आधी काहीतरी प्रगत शिकवा.

पहिला तास धान्याच्या कोठीत घ्या. पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला 100 ग्रॅम तांदूळ, सहावी ते आठवीच्या मुलाला 150 ग्रॅम. डाळ लहानांना 20 ग्रॅम, मोठ्यांना 30. आता शाळेत आज 32 मुलं हजर आहेत, सगळी प्राथमिकची. म्हणजे 3 किलो 200 ग्रॅम तांदूळ आणि 640 ग्रॅम डाळ शिजायला हवी. घरात रोज दहा माणसांचं रांधणाऱ्या बाईला हे शिकवायला पुस्तिका लागत नाही. ती पातेल्यात डोकावून सांगते की हा भात वीस पोरांचा आहे, बत्तीसांचा नव्हे. वरणात पळी फिरवून सांगते की डाळ कुठे गेली ते विचारा. तिला फक्त एवढं सांगायचंय की हे विचारणं तिचं काम आहे, तांदळाची नोंदवही तिच्यापुढे ठेवायची असते, आणि 32 चा आकडा तिथे खरा लिहिलाय का हे ती मुलं मोजून बघू शकते. तीच आई सतरंजीवर अडाणी ठरते, आणि कोठीत या विषयातली सर्वांत जाणती ठरते. प्रशिक्षण कुठे घ्यायचं हे ठरवतानाच आपण तिचं अज्ञान ठरवून टाकलं.

दुसरा तास पैशाचा. समग्र शिक्षा अभियानातून शाळेला दरवर्षी संयुक्त अनुदान मिळतं. पट 30 पर्यंत असेल तर 10 हजार, त्यावर 100 पर्यंत 25 हजार, 250 पर्यंत 50 हजार. त्यातला किमान दहावा हिस्सा स्वच्छतेवर खर्चायचा. चाळीस मुलांची शाळा असेल तर 25 हजार, त्यातले अडीच हजार स्वच्छतेचे. हे दोन आकडे पाड्यावरच्या प्रत्येक घराला पाठ असायला हवेत. मुलींच्या स्वच्छतागृहाचं दार वर्षभर मोडकं आहे, आत पाणी नाही, म्हणून सातवीतली पोर दुपारी घरी पळते. तिच्या आईला अडीच हजाराचा आकडा माहीत असेल, तर ती पुढच्या सभेत कडी-कोयंड्याची पावती मागेल. माहीत नसेल, तर शाळेत जायला पोरीलाच आळस येतो असं समजून तिला रागावेल. त्या दोन आयांमध्ये फरक आहे तो एका आकड्याचा.

अनुदान पूर्ण येत नाही, तुकड्यांनी येतं, मार्च तोंडावर आल्यावर येतं, हेही तिला सांगायला हवं. म्हणजे ती चुकीच्या माणसाशी भांडणार नाही. पैसा वरूनच आला नसेल तर गुरुजींच्या अंगावर जाण्यात अर्थ नाही. तिथे समितीचा ठराव करून गटशिक्षणाधिकाऱ्यांकडे जायचं. कलम 32 प्रमाणे मुलाच्या हक्काबद्दलची लेखी तक्रार आली की स्थानिक प्राधिकरणाने तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो. ही मुदत शिक्षकांच्या बैठकांत फारशी सांगितली जात नाही आणि पालकांच्या प्रशिक्षणात तर तिचा उच्चार नसतो. का नसतो, ते उघड आहे. तक्रार कशी करायची हे शिकवणारी व्यवस्था स्वतःच्या टेबलावर काम वाढवून घेते. तेवढं काम वाढू द्या.

पोरं मोजायला शिकवलं तसं शिक्षक मोजायलाही शिकवा. पहिली ते पाचवीचा पट 60 पर्यंत असेल तर दोन शिक्षक हवेत, 61 ते 90 ला तीन. प्राथमिकचे वर्षात किमान 200 दिवस शाळा भरायला हवी, सहावी ते आठवीचे 220. यात हुशारी कसली लागते? भिंतीवर दिनदर्शिका टांगा आणि शाळा भरली त्या दिवशी टिंब करा. पावसाळ्यात पाड्याचा रस्ता तुटतो तेव्हा किती टिंबं चुकतात ते आपोआप दिसेल.

समितीला अक्कल नाही, असं म्हणणाऱ्यांनी गणवेशाचं उदाहरण विसरू नये. 2024-25 मध्ये राज्याने ठरवलं की गणवेशाची खरेदी समित्यांकडून काढून घ्यायची. कापड वरून येईल, शिलाई बचत गट करतील, सगळ्या राज्यात एकसारखा गणवेश होईल. पावसाळा गेला, दिवाळी गेली, आणि अनेक शाळांत पोरं गणवेशाविना. डिसेंबर 2024 मध्ये निर्णय फिरवावा लागला आणि 2025-26 पासून खरेदी पुन्हा समित्यांकडे आली. दोन गणवेशांचे 600 रुपये. तीनशेत शहाद्याच्या बाजारात कसलं कापड येतं आणि ते किती धुण्यांत विरतं, हे मंत्रालयापेक्षा पाड्यावरची आई जास्त जाणते, हे सरकारने स्वतः सिद्ध करून दाखवलं. अधिकार परत आला हे चांगलंच झालं. पण त्यासोबत दोन दुकानांची दरपत्रकं मागवा, नमुना हातात घेऊन बघा, मग ठराव करा, असं कोणी शिकवलं? पुन्हा निरोपच गेला, सहीला या.

आता वेळेचा प्रश्न. यावर मला जरा जास्त बोलायचंय, कारण सगळं घोडं इथे अडतं. केंद्राच्या नमुना नियमांप्रमाणे समिती स्थापन झाल्यावर आर्थिक वर्ष संपायच्या तीन महिने आधी तिने शाळेचा विकास आराखडा तयार करायचा. तीन वर्षांचा पट, लागणारे शिक्षक, खोल्या, पाणी, पैसा, सगळं त्यात. तीन महिने आधी म्हणजे डिसेंबरअखेर. डिसेंबरात अक्राणी आणि अक्कलकुव्यातले आईबाप कुठे असतात? दिवाळी झाली की टोळ्या निघतात. कोणी गुजरातेत ऊसतोडीला, कोणी पश्चिम महाराष्ट्रात, कोणी बांधकामावर. होळीला परततात, कारण सातपुड्यात होळीला घरी नसणं माणसाला सोसवत नाही. म्हणजे समितीने ज्या काळात सर्वांत महत्त्वाचं काम करायचं, नेमका तोच काळ तिचे सदस्य उसाच्या फडात. आराखडा मग कोण लिहितं? शाळेत उरतो तो एकटा माणूस लिहितो. मागच्या वर्षीचा काढतो, तारीख बदलतो, होळीनंतर सह्या घेतो.

बरं, फक्त सदस्यच गेलेले नसतात, त्यांच्याबरोबर पोरंही गेलेली असतात. आराखड्यातला पहिला प्रश्न खरं तर हाच असायला हवा, की चार महिने गावाबाहेर असणाऱ्या मुलांच्या शाळेचं काय? वसतिगृह हवं, आजी-आजोबांकडे राहणाऱ्यांना संध्याकाळचा आधार हवा, की फडाजवळच्या शाळेत दाखला हवा? हे ठरवू शकतील अशी माणसं ठरवण्याच्या वेळी हजर नसतात. समितीची सभा आणि आराखडा दिवाळीआधी उरका, एवढा साधा बदल जिल्हा पातळीवर करता येण्यासारखा आहे. त्याला दिल्लीची परवानगी लागत नाही.

याच जिल्ह्यातल्या तोरणमाळचं नाव अलीकडे राज्यभर घेतलं गेलं ते समूह शाळेमुळे. सप्टेंबर 2023 मध्ये शिक्षण खात्याने वीस आणि त्याहून कमी पटाच्या शाळा एकत्र आणण्याचे प्रस्ताव मागवले. राज्यात तेव्हा अशा शाळा 14 हजारांहून जास्त होत्या. नमुना म्हणून दोन ठिकाणं पुढे केली गेली, पुण्याचं पानशेत आणि आपलं तोरणमाळ. तिथे आसपासच्या पाड्यांवरची मुलं निवासी शाळेत एकत्र आली. इमारत चांगली, शिक्षक पुरेसे, हे फायदे मी नाकारत नाही. चार पोरांची शाळा आणि एक कंटाळलेला शिक्षक यापेक्षा ते बरंच. पण पाड्यावरची शाळा बंद झाली की पाड्यावरची समितीही संपते, त्याची नोंद कुणी ठेवत नाही. डोंगर उतरून, दुसरा चढून, मासिक सभेला कोण जाणार? कायद्याने दिलेली देखरेख अंतराने हिरावून घेतली जाते. ज्या आईला प्रगत नेतृत्व शिकवायचं म्हणतोय, तिला आधी शाळा हाकेच्या अंतरावर हवी. आणि शाळा बंद करायची की नाही, हा ठराव तिच्या समितीपुढे खराखुरा मांडायला हवा, आधीच लिहून ठेवलेला नव्हे.

यावर ठरलेलं उत्तर येतं. अहो, या लोकांना काय कळतं, सभेला येत नाहीत, आले तर बोलत नाहीत. हे बोलणाऱ्यांना या जिल्ह्याचा इतिहास माहीत नाही. 1970 च्या दशकात शहादा-तळोदा पट्ट्यात अंबरसिंग महाराजांच्या मागे आणि श्रमिक संघटनेत जी माणसं उभी राहिली, ती शेतमजूर होती, सालदार होती. गेलेल्या जमिनी परत मागितल्या, मजुरीसाठी लढली. बायकांनी गावोगावच्या दारूचे गुत्ते उठवले, मडकी फोडली. त्यांच्यातल्या बहुतेकींना लिहिता येत नव्हतं. आणि नर्मदाकाठचं सांगायचं तर 1990 च्या दशकाच्या सुरुवातीला चिमलखेडी आणि निमगव्हाणला जीवनशाळा सुरू झाल्या त्या का? सरकारी शाळा कागदावर होत्या आणि गुरुजी गावात नव्हते म्हणून. गावांनी लाकूड दिलं, धान्य दिलं, आपल्यातलीच शिकलेली पोरं शिक्षक केली, पोरांना त्यांच्या बोलीतून शिकवलं. नर्मदेवरच्या धरणाचं पाणी दारात येत असताना शाळा चालवली. शाळा व्यवस्थापन कशाला म्हणतात ते कायदा यायच्या कितीतरी आधी या डोंगरातल्या माणसांनी करून दाखवलंय. ती माणसं बोलत नाहीत ती सतरंजीवरच्या त्या बैठकीत.

गुरुजींची बाजूही मांडायला हवी, नाहीतर लिहिणं अर्धवट राहील. दोन शिक्षकी शाळेत मुख्याध्यापक म्हणजे शिक्षक, कारकून, माहिती भरणारा, पोषण आहाराचा हिशोबनीस, सगळं एकच. कलम 27 म्हणतं की जनगणना, आपत्ती आणि निवडणूक सोडून शिक्षकाला अशैक्षणिक काम देऊ नये. आणि इथे रोज एक नवी लिंक येते. डोंगरमाथ्यावर रेंज असलेला दगड शोधून यू-डायसवर शाळेची माहिती भरणाऱ्या माणसाला मासिक सभा हे आणखी एक ओझं वाटतं, यात नवल नाही. वरून मागणी असते ती सभेच्या फोटोची, सभेची नसते. मग तो फोटो पाठवतो. पण हिशोब जाणणारी समिती ही त्या गुरुजींची सर्वांत मोठी मदत असते. शिक्षकाचं पद रिकामं आहे हे त्यांनी लिहिलं तर तो नोकराचा अर्ज असतो, बारा पालकांनी ठराव करून लिहिलं तर ती मतदारांची मागणी असते. पंचायत समितीत कुठला कागद आधी उचलला जातो, हे गुरुजींना चांगलं ठाऊक आहे. शिवाय हा अनुसूचित क्षेत्राचा भाग. पेसा कायद्याखालच्या ग्रामपंचायतींना आदिवासी उपयोजनेतला 5 टक्के अबंध निधी थेट मिळतो आणि तो शिक्षणावरही खर्चता येतो. शाळा समितीतली आई ग्रामसभेत उठून बोलली, तर शाळेच्या पाण्याच्या टाकीसाठी वर्षभर कुणाच्या दारात जायची गरज उरणार नाही.

तेव्हा प्रमाणपत्र असं द्या. दोन दिवस, त्याच शाळेत, त्याच पाड्यावर. शिकवणारा पावरी किंवा भिलीत बोलणारा हवा. जिल्ह्यात डी.एड. होऊन बसलेली आदिवासी पोरं-पोरी गावोगाव आहेत, त्यांना साधनव्यक्ती करा. अर्धा दिवस कोठीत, अर्धा दिवस रोजकीर्द आणि पावत्यांवर, अर्धा दिवस मुलांच्या वह्या बघण्यात. तिसरीतलं पोर वाचतं का, हे आईला वाचता येत नसलं तरी त्याला पाठ्यपुस्तकाचं न शिकवलेलं पान काढून दिलं की कळतं. उरलेला अर्धा दिवस तक्रारीचा अर्ज तोंडी कसा सांगायचा आणि लिहून घेतलेला परत वाचून कसा घ्यायचा, याचा. न वाचलेल्या कागदावर अंगठा द्यायचा नाही, हा धडा त्यातच येतो.

परीक्षा पंधरा ऑगस्टच्या ग्रामसभेत घ्या. तेव्हा माणसं गावात असतात. समितीच्या सदस्याने उभं राहून आपल्या बोलीत सांगावं: शाळेला यंदा किती पैसे आले, कशावर गेले, पोरं किती, शिक्षक किती, किती दिवस शाळा भरली. गाव प्रश्न विचारील. उत्तरं देता आली की ग्रामसभेच्या ठरावाने तिथल्या तिथे प्रमाणपत्र द्यावं, आणि ते तिच्या नावाने, नवऱ्याच्या नव्हे.

मजुरीही भरून द्या. रोजगार हमीचा महाराष्ट्रातला 2025-26 चा दर 312 रुपये. बारा सदस्य, दोन दिवस, 7 हजार 488 रुपये एका शाळेमागे. जिल्हा परिषदेने यंदाच्या अंदाजपत्रकात एवढ्यासाठी तरतूद करावी आणि सुरुवात अक्राणी तालुक्यापासून करावी, दिवाळीच्या आत.